वगळण्याचा विवेक : मराठी विकिपीडिया आणि आपली संपादनपरंपरा

१. विषयप्रवेश

कोणत्याही कोशाचे मूल्यमापन करताना अभ्यासक त्यात आलेल्या नोंदींचा विचार करतात. नोंदींची संख्या, त्यांची विश्वसनीयता, लेखनाची पद्धती व संदर्भांची मांडणी हे निकष आपल्या परिचयाचे आहेत. कोशातून काय वगळले गेले, ते कोणी वगळले आणि कोणत्या कारणाने, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. त्याचे एक कारण उघड आहे. छापील कोशात वगळण्याची क्रिया मुद्रणापूर्वीच पूर्ण झालेली असते. डॉ. श्री. व्यं. केतकर यांच्या संपादनाखाली १९२० च्या दशकात प्रसिद्ध झालेले महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड वाचकाच्या हाती आले, ते सिद्ध ग्रंथ म्हणून. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथे आकाराला आलेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामागील नोंदयाद्यांत कोणती शीर्षके आली आणि कोणती गळली, हे छापील खंडावरून वाचकाला समजण्याचा मार्ग नाही. संपादकाचा निर्णय हा तेथे अंतिम असतो आणि अदृश्यही असतो.

विकिपीडिया या सहलिखित कोशाने हा क्रम उलटा केला. तेथे आधी प्रसिद्धी आणि मग संपादन, अशी पद्धती आहे. कोणीही नवे पान लिहू शकतो. ते तत्क्षणी वाचकांपुढे येते व त्यानंतर ते राहावे की जावे याचा विचार सुरू होतो. म्हणजे छापील कोशात पडद्याआड घडणारी निवड येथे पुष्कळ अंशी सर्वांसमक्ष घडते. मूळ इंग्रजी विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी आणि मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. आज आपले विद्यार्थी संदर्भासाठी प्रथम ज्या ठिकाणी जातात, त्यांत या कोशाचे स्थान वरचे आहे. त्यामुळे तेथील पाने कोणत्या विचाराने वगळली जातात, हा प्रश्न केवळ संगणकतज्ज्ञांचा राहत नाही. तो पाठचिकित्सेचा, म्हणजे आपल्याच विषयाचा प्रश्न ठरतो. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचे स्वरूप सांगून मराठी संपादनपरंपरेच्या संदर्भात तिचा विचार करावयाचा आहे.

२. परिभाषा आणि प्रक्रिया

मराठी विकिपीडियाने आपली परिभाषा घडविताना जुन्या शब्दांना नवे काम दिले आहे. सदस्यांच्या सार्वजनिक चर्चेची जागा म्हणजे ‘चावडी’, प्रयोगादाखल लिहिण्याची जागा म्हणजे ‘धूळपाटी’, स्वयंचलित संपादने करणारी आज्ञावली म्हणजे ‘सांगकाम्या’ आणि विशेष अधिकार असलेला सदस्य म्हणजे ‘प्रचालक’. पान नाहीसे करण्याच्या क्रियेसाठी तेथे ‘वगळणे’ हे क्रियापद रूढ आहे. या शब्दाची छटा लक्षात घेण्याजोगी आहे. ‘पुसणे’ म्हणजे खूणही न उरू देणे. ‘वगळणे’ म्हणजे समूहातून बाजूला ठेवणे. वगळलेली गोष्ट कोठेतरी असते, पण गणनेत नसते. या कोशाच्या यंत्रणेचे वर्णन दुसऱ्या शब्दाने अधिक अचूक होते, हे पुढे दिसून येईल.

प्रथम काही भेद स्पष्ट केले पाहिजेत. पानातील एखादे वाक्य काढणे हे साधे संपादन होय. ते कोणीही करू शकतो व काढलेले वाक्य पानाच्या इतिहासात कोणालाही पाहता येते. एकाच विषयावर दोन पाने असल्यास त्यांचे विलीनीकरण करतात आणि एका शीर्षकावरून दुसऱ्याकडे नेणारे पुनर्निर्देशन ठेवतात. उदाहरणार्थ, ‘हिंजवडी’ या गावाचे नाव बाहेरून आलेले लोक पुष्कळदा ‘हिंजेवाडी’ असे लिहितात. कोणी या दुसऱ्या रूपाने स्वतंत्र पान लिहिले, तर ते नष्ट करण्याचे कारण नाही. रूढ चूक करणारा वाचकही योग्य पानावर पोहोचावा यासाठी ते शीर्षक पुनर्निर्देशन म्हणून उपयोगी पडते. या सर्व उपायांनी भागत नाही, तेव्हाच संपूर्ण पान वगळण्याचा प्रश्न येतो.

पान वगळण्याची सूचना कोणताही सदस्य करू शकतो. त्यासाठी मराठी विकिपीडियावर ‘पान काढा’ हा साचा पानाच्या शिरोभागी लावतात आणि कारण नमूद करतात. प्रत्यक्ष वगळण्याचा अधिकार मात्र प्रचालकाचा असतो. इंग्रजी विकिपीडियावर या प्रक्रियेचे तीन मार्ग तपशिलाने ठरले आहेत. पहिला मार्ग त्वरित वगळण्याचा. निरर्थक अक्षरे, उघड जाहिरात, प्रताधिकाराचा निःसंशय भंग, एखाद्या व्यक्तीची बदनामी करण्यासाठीच लिहिलेले पान, अशा ठराविक कारणांसाठी प्रचालक चर्चेवाचून निर्णय घेऊ शकतो. दुसरा मार्ग प्रस्तावाचा. पानावर सूचना लावून ७ दिवस वाट पाहतात. त्या मुदतीत कोणीही हरकत घेऊन सूचना काढली, तर हा मार्ग तेथेच संपतो. तिसरा मार्ग चर्चेचा. ती सामान्यतः ७ दिवस चालते आणि अखेरीस तीत सहभागी नसलेला अनुभवी सदस्य किंवा प्रचालक निष्कर्ष नोंदवितो.

या तिसऱ्या मार्गाचा इतिहास उद्‌बोधक आहे. आरंभी त्याच्या इंग्रजी नावातच ‘मतदान’ हा शब्द होता. २००५ मध्ये तो काढून टाकण्यात आला. कारण पान राहावे म्हणणारे किती आणि जावे म्हणणारे किती, यावर निर्णय होणे अपेक्षित नव्हते. कोणाचे कारण पुराव्याला धरून आहे, हे पाहणे अपेक्षित होते. एका सदस्याने दाखविलेला एक सबळ संदर्भ दहा जणांच्या नापसंतीपेक्षा वजनदार ठरावा, हे तत्त्व विद्वत्सभेच्या रीतीला जवळचे आहे. व्यवहारात ते नेहमीच पाळले जाते असे नाही, परंतु निकष म्हणून ते मान्य आहे.

वगळलेल्या पानाचे पुढे काय होते? त्याच्या आवृत्त्या संग्रहातून नाहीशा होत नाहीत. त्या सर्वसामान्य वाचकाच्या दृष्टीआड जातात. प्रचालकाला त्या पाहता येतात आणि आवश्यक वाटल्यास पान पुनर्स्थापित करता येते. वाचकाला दिसते ती केवळ नोंद : कोणते शीर्षक, कोणत्या दिवशी, कोणत्या प्रचालकाने, कोणत्या कारणासाठी वगळले. मजकूर झाकलेला आणि निर्णय उघडा, अशी ही व्यवस्था आहे.

३. संपादनपरंपरेतील दोन आदर्श

अशा व्यवस्थेचे मूल्यमापन करण्यासाठी आपल्याकडे दोन मोठी उदाहरणे आहेत. पहिले संत एकनाथांचे. ज्ञानेश्वरीच्या प्रचलित प्रतींत अपपाठ शिरले होते. एकनाथांनी अनेक प्रती मिळवून शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये असा इशाराही दिला. अनेक हातांनी वाढत गेलेल्या ग्रंथाला आवर घालण्याचे हे मराठीतील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. हस्तलिखितांची परंपरा ही एका अर्थाने सहलेखनाचीच परंपरा होती. नकलणारा प्रत्येक हात मजकुरात भर घालू शकत होता आणि त्या भरीचा कर्ता बहुधा अज्ञात राहत होता.

एकनाथांच्या कार्याचे मोल निर्विवाद आहे. तथापि पाठचिकित्सेच्या दृष्टीने त्यात एक उणीव राहिली, ती त्यांच्या काळाची होती. त्यांनी कोणते पाठ सोडले आणि का सोडले, याची नोंद आपल्यापर्यंत आलेली नाही. परिणामी एकनाथपूर्व ज्ञानेश्वरी कशी होती, हा प्रश्न पुढील अभ्यासकांना सतावत राहिला. वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये आपली प्रत प्रसिद्ध केली, ती एकनाथपूर्व पाठ हाती आल्याच्या भूमिकेतून. तिच्याविषयीचे मतभेद येथे विचारात घेण्याचे कारण नाही. जे वगळले त्याची नोंद राहिली नाही, तर शतकांनंतरही शोध तेथूनच पुन्हा सुरू करावा लागतो, एवढे या उदाहरणावरून दिसते.

दुसरा आदर्श पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचा. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम तेथे १९१९ मध्ये सुरू झाले व १९६६ मध्ये मुख्य संहिता पूर्ण झाली. वि. स. सुखठणकर यांनी १९२५ पासून या कार्याला जी शास्त्रीय शिस्त दिली, तिचे एक अंग वगळण्याशी संबंधित आहे. विविध हस्तलिखितांच्या तौलनिक परीक्षणातून प्रक्षिप्त ठरलेला मजकूर मुख्य संहितेतून काढण्यात आला, परंतु तो फेकून देण्यात आला नाही. लहान भाग पाठभेदांसह तळटीपांत आणि दीर्घ भाग परिशिष्टांत छापण्यात आले. संपादकाचा निर्णय ज्याला पटत नाही, त्याला तो निर्णय तपासण्याचे साधन त्याच ग्रंथात मिळते.

या दोन टोकांच्या मध्ये विकिपीडियाची पद्धती उभी आहे. एकनाथांच्या प्रतीत निर्णय दिसतो, वगळलेला पाठ आणि त्याचे कारण दिसत नाही. भांडारकर आवृत्तीत निर्णय, कारण आणि पाठ तिन्ही दिसतात. विकिपीडियावर निर्णय व कारण दिसते, पाठ दिसत नाही. पाठ झाकण्यामागे काही अंशी सयुक्तिक कारणे आहेत. चोरलेला मजकूर किंवा जिवंत व्यक्तीची बदनामी ‘परिशिष्टात’ ठेवणे हेही अपहाराचे व बदनामीचेच कृत्य होईल. महाभारतातील प्रक्षिप्त श्लोकांनी कोणाचे नुकसान होत नाही. परंतु यातून एक जबाबदारी निर्माण होते. पाठ दिसत नसल्यामुळे कारणाची ओळ हाच एकमेव पुरावा उरतो. तेथे ‘अनावश्यक पान’ एवढेच लिहिले असेल, तर वाचकाच्या दृष्टीने ती व्यवस्था एकनाथकालीन अवस्थेकडे परत जाते.

४. उल्लेखनीयतेचा निकष आणि हिंजवडीची दोन पाने

वगळण्याच्या कारणांपैकी प्रताधिकारभंग, जाहिरात किंवा उत्पात ही कारणे तुलनेने सोपी आहेत. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षेपर्यंत प्रताधिकार राहतो. १९३७ मध्ये निवर्तलेल्या केतकरांचे लेखन आज मुक्त आहे, हयात लेखकाच्या ग्रंथातील प्रकरण उतरवून पान करणे मात्र गैर आहे. याविषयी फारसा मतभेद संभवत नाही. खरा मतभेद होतो तो ‘उल्लेखनीयता’ या निकषाविषयी. एखाद्या विषयाची दखल त्या विषयाशी हितसंबंध नसलेल्या विश्वासार्ह लेखनाने पुरेशा विस्ताराने घेतलेली असावी, असे या निकषाचे सार आहे. विषय महत्त्वाचा आहे की नाही, हे संपादकाने स्वतः ठरवू नये, बाहेरच्या पुराव्यावरून ठरवावे, ही त्यामागील भूमिका आहे.

ही भूमिका तत्त्वतः निर्दोष वाटते. ती प्रत्यक्षात कशी चालते, हे पाहण्यासाठी हिंजवडीविषयी दोन पानांची कल्पना करू. मुळशी तालुक्यातील हे गाव १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने उभारलेल्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानामुळे देशभर माहीत झाले. समजा, एक पान तेथील एखाद्या व्यापारी कंपनीविषयी आहे. त्याखाली संदर्भांची लांब यादी आहे, पण त्यातील बहुतेक लेखन कंपनीच्याच प्रसिद्धिपत्रकांवर आधारलेले आहे. दुसरे पान म्हातोबाच्या यात्रेविषयी आहे. म्हातोबा हे या परिसराचे ग्रामदैवत. चैत्रात भरणारी त्याची यात्रा हिंजवडी व वाकड या गावांना जोडते आणि बगाड हा तिचा मुख्य विधी आहे. हे पान गावातील एखाद्या तरुणाने वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या माहितीवरून मनापासून लिहिले आहे. त्याखाली एकही संदर्भ नाही.

यांत्रिक दृष्टीने पाहणाऱ्याला पहिले पान भरभक्कम आणि दुसरे वगळण्यायोग्य वाटेल. निकषाचा अर्थ समजून पाहणाऱ्याला नेमके उलट दिसले पाहिजे. पहिल्या पानाचे संदर्भ संख्येने पुष्कळ असले तरी स्वतंत्र नाहीत. दुसऱ्या पानाचा विषय सबळ आहे, लेखन मात्र अपुरे आहे. विषयाची उल्लेखनीयता ही पानाच्या सद्यःस्थितीवरून ठरत नाही, उपलब्ध असू शकणाऱ्या पुराव्यावरून ठरते. म्हणून वगळण्याची सूचना करणाऱ्याने प्रथम शोध घ्यावा, अशी अपेक्षा इंग्रजी विकिपीडियाच्या मार्गदर्शनातही आहे. या विषयात शोध घेण्याच्या दिशा सांगता येतात. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुणे जिल्ह्यावरील अठरावा खंड १८८५ मध्ये प्रसिद्ध झाला. दा. ध. कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिअॅलिटी’ (१९६२) या ग्रंथात पुणे परिसरातील ग्रामदैवतांचा विचार प्रत्यक्ष पायी फिरून केला. रा. चिं. ढेरे आणि गुंथर सोन्थायमर यांनी लोकदैवतांच्या मौखिक परंपरेला संशोधनाचा दर्जा मिळवून दिला. या वाटांनी जाऊन पाहिल्याशिवाय ‘संदर्भ नाही, म्हणून विषय नाही’ असा निष्कर्ष काढणे अशास्त्रीय होय.

तरीही एक अडचण उरते आणि ती मराठीपुरती मोठी आहे. हा निकष लिखित, मुद्रित व सहज शोधता येणाऱ्या साधनांना झुकते माप देतो. इंग्रजीत अशी साधने विपुल आहेत. मराठीत स्थानिक इतिहास, स्मरणिका, जुनी नियतकालिके, अप्रकाशित प्रबंध यांत पुष्कळ माहिती पडून आहे, परंतु ती सूचीबद्ध नाही. शिवाय मराठी विकिपीडियावर सातत्याने काम करणाऱ्यांची संख्या मर्यादित असल्याने तेथे चर्चा पुष्कळदा दोन-तीन जणांत आटोपते. ज्या भाषेत पुरावा विखुरलेला आणि चर्चक थोडे, त्या भाषेत चुकीने वगळण्याचा धोका अधिक.

मोठ्या समूहातही हा धोका टळत नाही, याचे प्रसिद्ध उदाहरण डॉना स्ट्रिकलंड यांचे आहे. या पदार्थवैज्ञानिकेविषयी मे २०१८ मध्ये इंग्रजी विकिपीडियाकडे आलेला लेखाचा मसुदा पुरेसे स्वतंत्र संदर्भ नाहीत या कारणाने नाकारला गेला. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले. मसुदा नाकारणाऱ्याने नियमाचा भंग केला होता असे म्हणता येत नाही. बाहेरच्या जगानेच त्यांच्याविषयी पुरेसे लिहिलेले नव्हते. कोश हा समाजाच्या दखलीचा आरसा असेल, तर समाजाची उपेक्षाही त्यात उमटणार. हे मान्य केले म्हणजे दोष केवळ कोशकारांवर ढकलता येत नाही. ज्यांनी लिहावयास हवे होते त्या अभ्यासकांकडेही तो येतो.

५. बाहेरून येणारी वगळण्याची मागणी

आतापर्यंत कोशाच्या अंतर्गत प्रक्रियेचा विचार केला. अलीकडे वगळण्याची मागणी शासन व न्यायालये यांच्याकडूनही आली आहे. ‘एएनआय’ या वृत्तसंस्थेने विकिमीडिया प्रतिष्ठानाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात अब्रुनुकसानीचा दावा केला होता. त्या खटल्याविषयीच विकिपीडियावर लिहिले गेलेले पान न्यायालयाच्या आदेशानुसार ऑक्टोबर २०२४ मध्ये वाचकांसाठी बंद करण्यात आले. ९ मे २०२५ रोजी न्या. अभय ओक व न्या. उज्ज्वल भुयान यांच्या सर्वोच्च न्यायालयातील खंडपीठाने तो आदेश रद्द केला. न्यायालये सार्वजनिक संस्था असल्याने त्यांच्यापुढील विषयांची चर्चा व टीका यांना वाव असला पाहिजे, असा त्या निर्णयाचा रोख होता.

महाराष्ट्रातील उदाहरण अधिक नाजूक आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरील ‘छावा’ हा चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर इंग्रजी विकिपीडियावरील त्यांच्याविषयीच्या लेखातील काही मजकुरावर तीव्र आक्षेप घेतला गेला. राज्याच्या सायबर विभागाने विकिमीडिया प्रतिष्ठानाला तो काढण्यास कळविले आणि पुढे काही संपादकांवर गुन्हाही दाखल झाला. लोकभावना दुखावली गेली होती, ही वस्तुस्थिती आहे. परंतु मराठीच्या अभ्यासकाला येथे एका वेगळ्या इतिहासाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. संभाजी महाराजांची व्यसनी व उच्छृंखल राजपुत्र ही प्रतिमा बखरींतून व त्यांवर आधारलेल्या नाट्य-कादंबऱ्यांतून दीर्घकाळ चालत आली. ती बदलली, ती बखरी नष्ट करून नव्हे. वा. सी. बेंद्रे यांनी दीर्घ संशोधनानंतर १९६० मध्ये सिद्ध केलेले चरित्र आणि कमल गोखले यांचा ‘शिवपुत्र संभाजी’ (१९७१) हा ग्रंथ यांनी समकालीन कागदपत्रांच्या आधारे जुन्या कथनाची चिकित्सा केली. बखरी आजही ग्रंथालयात आहेत आणि त्या वाचणारा विद्यार्थी बेंद्रे यांचे उत्तरही वाचतो.

म्हणून अशा प्रसंगी विचारावयाचा प्रश्न असा : हा मजकूर अप्रिय आहे, की अप्रमाण आहे? अप्रमाण असेल तर तो काढण्याचा किंवा सुधारण्याचा मार्ग कोशातच आहे आणि त्यासाठी लागणारी साधने मराठीतच सर्वाधिक आहेत. इंग्रजी लेखाच्या संदर्भांत मराठी संशोधनाला योग्य स्थान नसेल, तर ते मिळवून देण्याचे काम मराठी जाणणाऱ्यांचेच आहे. आदेशाने काढलेले वाक्य दुसऱ्या कोणत्या तरी ग्रंथाच्या आधाराने पुन्हा येऊ शकते. पुराव्याने खोडलेले वाक्य परत आणणाऱ्याला आधी त्या पुराव्याला उत्तर द्यावे लागते.

६. समारोप

या विवेचनावरून वगळण्याची कोणतीही क्रिया तीन प्रश्नांवर तपासता येईल. निर्णय कोणी घेतला हे कळते काय? कारण तपासता येईल अशा शब्दांत नोंदविले आहे काय? आणि नवा पुरावा आल्यास निर्णय फिरविता येतो काय? तिन्ही प्रश्नांना होकारार्थी उत्तर मिळत असेल, तर वगळणे हे संपादनाचे अंग ठरते, अन्यथा ती केवळ सत्ता होय. विकिपीडियाची रचना या कसोटीला बऱ्याच अंशी उतरते. मराठी विकिपीडियापुरते बोलावयाचे तर रचनेपेक्षा मनुष्यबळाची आणि संदर्भसाधनांची उणीव अधिक जाणवते.

ही उणीव भरून काढण्यात मराठी विभागांचा वाटा मोठा असू शकतो. पाठचिकित्सा शिकविताना वगळलेल्या पानांच्या नोंदी व त्यांवरील चर्चा वर्गात वाचून दाखविता येतील. पाठाची प्रमाणता, प्रक्षेप, साधनांची स्वतंत्रता या संकल्पना विद्यार्थ्यांना जिवंत स्वरूपात दिसतील. स्थानिक यात्रा, ग्रामदैवते, बोली, लोकगीते यांवर विद्यार्थी दरवर्षी लहान-मोठे प्रकल्प करतात आणि ते कपाटात राहतात. त्यांपैकी निवडक लेखन नीट तपासून प्रसिद्ध केले, तर उद्या एखाद्या पानाला आधार मिळेल. म्हातोबाच्या यात्रेचे पान लिहिणाऱ्या तरुणाला ‘संदर्भ द्या’ असे सांगणे रास्तच आहे. परंतु तो संदर्भ लिहून ठेवणे हे ज्यांचे काम होते, त्यांनी ते केले होते काय, हा प्रश्न आपण आपल्यालाही विचारला पाहिजे.